झाकणावरचा लाल ठिपका

डावा स्पीकर मुका झाला तेव्हा खूणबाबांना वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर त्यांना बरंच वाटलं. "मी म्हणत नव्हतो?" एवढं म्हणायला मिळावं म्हणून काही माणसं संकटाची वाट बघत बसलेली असतात, आणि खूणबाबा त्यांतले अग्रणी होते.

"काय म्हणत होतात?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"माल सरळ नाही, असं."

"माल की माणूस?"

 खूणबाबा गुडघे टेकून ॲम्प्लिफायरच्या पाठीमागच्या तारा काढत होते. डाव्या स्पीकरची तार त्यांनी उजवीकडे लावली आणि उजव्याची डावीकडे. आता उजवा मुका झाला आणि डावा गाऊ लागला. म्हणजे स्पीकर बिचारे निर्दोष, खोट मधल्या पेटीत. गाणं चालू होतं, पण गाणारी बाई तेवढी राहिली होती आणि निम्मे साथीदार पळून गेले होते.

खूणबाबा हे नाव कारखान्यातलं. नोकरीचा सगळा काळ त्यांनी एका मोठ्या कारखान्याच्या कोठारात काढला. आलेला माल तपासायचा, त्यावर खूण करायची, आणि बाहेर गेलेला माल परत आला की तोच आहे ना, हे बघायचं. लोक तोंडावर साहेब म्हणत आणि पाठीमागे खूणबाबा. निवृत्त झाल्यावर कोठार सुटलं, खूण सुटली नाही. घरात लाल नेलपॉलिशची बाटली कायम असायची, पण ती कुणाच्या नखाला कधी लागली नव्हती. दुरुस्तीला दिलेला मिक्सर, शेजाऱ्यांना दिलेली शिडी, टाके घालायला टाकलेली चप्पल, सगळ्यावर एक बारीक लाल ठिपका. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा तिचा डबा, बाटली, कंपासपेटी, एकूण एक पेन्सिल. पोरीला अक्षरं वाचता येण्याआधी ठिपका वाचता येत होता. ठिपका असेल तर आपलं, नसेल तर लोकांचं.

तीच पोर पुढे नोकरीसाठी परदेशी गेली आणि तिथे परस्पर लग्न करून मोकळी झाली. घरी बातमी आली ती फोटोसकट. "आधी सांगितलं असतं तर तुम्ही त्याच्या सात पिढ्यांची चौकशी लावली असती," असं ती फोनवर म्हणाली होती. यात खोटं काही नव्हतं, आणि म्हणूनच ते जास्त झोंबलं. तेव्हापासून खूणबाबा फोनवर फक्त तिकडची हवा विचारत आणि हवा कळली की फोन बायकोच्या हातात देत. त्या माणसाचा उल्लेख करायची वेळ आलीच तर 'तिचा नवरा' म्हणत. 'जावई' हा शब्द बायको वापरायची, आणि तो मुद्दाम, गरजेपेक्षा जास्त वेळा.

ॲम्प्लिफायर या तिच्या नवऱ्यानेच पाठवला होता. बाबांना गाण्यांचा नाद आहे असं ऐकलं, म्हणून. पहिल्या संध्याकाळी खूणबाबांनी जुनी तबकडी लावली आणि त्यांच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं ऐकलेल्या गाण्यात गाणारी बाई ओळ सुरू करण्याआधी श्वास घेते, हे त्यांना त्या दिवशी कळलं. डोळे भरून आले. मग त्यांनी डोळे पुसले, उठले आणि खोकं तपासायला घेतलं. खोक्यावर चिकटपट्टी दुहेरी होती. एक कंपनीची, कापलेली, आणि तिच्यावर दुसरी, साधी.

"हे खोकं आधी कुणीतरी उघडलंय," ते म्हणाले होते.

"उघडू दे. आत पेटी आहे ना?" बायको म्हणाली होती.

आता ती पेटी मुकी झाली होती, आणि नेमक्या याच वेळी मुलगी आणि तिचा नवरा लग्नानंतर पहिल्यांदा घरी यायचे होते. तिकिटं निघाली होती. बायकोने पडदे बदलले, गाद्यांना उन्हं दाखवली आणि नवऱ्याला एकच गोष्ट हात जोडून सांगितली. "ती येते आहे, एवढं पुरे. तेवढे दिवस तोंडाला कुलूप घाला. या खेपेला काही वाकडं झालं तर ती परत यायची नाही. तुमचीच मुलगी आहे, हट्ट कुणाचा घेतलाय ते मला ठाऊक आहे."

खूणबाबांनाही ते ठाऊक होतं. रात्री मुलीच्या रिकाम्या खोलीचा दिवा लावून ते उगाच आत डोकावत, हे बायकोने पाहिलं होतं. पण बोलून दाखवणं हा त्यांच्या खात्यातला विषय नव्हता.

पेटी घेऊन ते त्या कंपनीच्या शहरातल्या दुकानात गेले. काउंटरवरच्या माणसाने पेटी उलटी केली, मागचा क्रमांक यंत्रात टाकला आणि ती तशीच त्यांच्याकडे सरकवली.

"हा माल आमचा नाही."

"नाव तर तुमच्याच कंपनीचं आहे."

"नाव आमचं, विक्री तिकडची. जिथे घेतला तिथेच वॉरंटी. इथे हवी असेल तर पैसे देऊन दुरुस्ती करून देऊ."

"वॉरंटी असताना पैसे का देऊ?"

"मग पाठवा तिकडे." काउंटरवाल्याने पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघत खांदे उडवले. "पण काका, गेलेल्या पेटीत आतला माल तोच परत येईल याची खात्री कोण देणार? आम्ही काय काय बघतो इथे."

त्याने हे आपला धंदा व्हावा म्हणून सांगितलं असेल, किंवा सहज जीभ वळली म्हणूनही. खूणबाबांच्या डोक्यात मात्र ठिणगी पडली. आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला, अशातली गत. घरी येईपर्यंत त्यांनी मनातल्या मनात पेटीचे सगळे भाग बदलून टाकले होते, आणि बदलणाऱ्याचा चेहराही त्यांना दिसू लागला होता. तो चेहरा लग्नाच्या फोटोतला होता.

दुपारी बायको आडवी झाल्यावर त्यांनी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली, पेटी तिच्यावर पालथी घातली आणि पेचकस घेतला. झाकण काढून आतल्या प्रत्येक मोठ्या भागावर ठिपका द्यायचा, म्हणजे परत आल्यावर दूध का दूध आणि पाणी का पाणी. पण झाकणाच्या मागच्या एका स्क्रूवर पेचकस टेकवला आणि ते थबकले. त्या स्क्रूच्या डोक्यावर लाल रंगाचा एक थेंब आधीच होता.

खूणबाबा बराच वेळ त्या थेंबाकडे बघत राहिले. त्यांच्या काळी सील म्हणजे तार आणि तिला चेपलेलं शिसं. रंगाचा थेंब म्हणजे दुरुस्तीवाल्याची खूण, दुसरं काय? म्हणजे ही पेटी आधी कुठल्यातरी दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर पडून आली होती. वापरलेली, बिघडलेली, कशीबशी चालू केलेली पेटी नवी म्हणून सासऱ्याच्या गळ्यात मारली होती. दुहेरी चिकटपट्टीचा अर्थ आता लागला. त्यांना राग आला, आणि रागाच्या तळाशी एक समाधानही होतं. आपला संशय आधीपासूनच खरा होता, असं वाटायला लावणारं दुष्ट समाधान.

त्यांनी ब्लेडने तो परका रंग खरवडून काढला. झाकण उघडलं. ट्रान्सफॉर्मरवर ठिपका दिला, मोठ्या कंडेन्सरांवर दिला, एक तर खालच्या पट्टीच्या मागे बोट घालून दिला, जिथे चोराची नजर जाणार नाही. झाकण बसवलं आणि ज्या स्क्रूवरचा रंग खरवडला होता त्याच स्क्रूच्या डोक्यावर स्वतःचा लाल ठिपका ठेवला. कुणी झाकण उघडलंच तर ठिपका तडकेल आणि कळेल. ठिपका वाळेपर्यंत त्यांनी त्यावर फुंकर घातली. मग पेटी बांधून कुरियरने मुलीच्या नवऱ्याच्या पत्त्यावर रवाना केली, कारण खरेदी त्याच्या नावावर होती आणि कंपनी फक्त त्याच्याशीच बोलणार होती.

काही दिवस काहीच कळलं नाही. मग त्याचा फोन आला. नेहमी तो बायकोशी बोलायचा, या वेळी त्याने खूणबाबांना मागून घेतलं.

"बाबा, पेटी कंपनीत दिली होती. ते म्हणतात वॉरंटी लागू होत नाही. पण तुम्ही काळजी करू नका, मी बघतो काय करायचं ते."

"का लागू होत नाही?"

पलीकडे तो थांबला. अगदी क्षणभर. पण माल आणणारा गाडीवाला उत्तर देण्याआधी कसा थांबतो, हे ज्याने जन्मभर ऐकलंय, त्याला तो क्षण पुरतो.

"तांत्रिक आहे काहीतरी," तो म्हणाला. "आल्यावर बोलू."

खूणबाबांनी फोन ठेवला आणि बायकोकडे वळले. "खोक्याला दुहेरी पट्टी. झाकणावर दुरुस्तीवाल्याचा रंग. आणि आता तांत्रिक. ताकाला जाऊन भांडं लपवतोय हा माणूस. नव्या पेटीची वॉरंटी कधी नाकारतात का? जुनी पेटी आहे म्हणूनच नाकारली."

"बरं, असेल जुनी," बायको शांतपणे म्हणाली. "दिली ना प्रेमाने?"

"प्रेमाने फसवलेलं चालतं का?"

"अहो, तुम्हाला पेटी हवी की पोरगी?"

"मला खरं काय ते हवं," खूणबाबा म्हणाले. वाक्य चांगलं होतं. असली चांगली वाक्यं घरात वापरू नयेत, हे त्यांना अजून कुणी शिकवलं नव्हतं.

त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी बायको व्हिडिओ कॉलवर मुलीला नवे पडदे दाखवत होती. मुलगी हसत होती, तिचा नवरा मागे कपबशा विसळत होता. सगळं गोडीगुलाबीने चाललं होतं, आणि खूणबाबांनी फोन मागितला. बायकोने डोळ्यांनी नको म्हटलं. त्यांनी तो घेतलाच.

"तुम्हाला एक विचारायचं होतं," ते थेट त्याला म्हणाले. "पेटी नवी घेतली होती की वापरलेली?"

तो हात पुसत पुढे आला. "नवी, बाबा."

"मग खोक्याला दोनदा चिकटपट्टी कशी?"

"मीच उघडलं होतं. इकडचा वीजदाब वेगळा आहे. पेटीच्या मागे एक खटका असतो, तो तुमच्याकडच्या दाबावर फिरवून ठेवला. नाहीतर लावल्या लावल्या जळाली असती."

उत्तर सरळ होतं. खूणबाबा क्षणभर अडखळले, पण तोंडातून सुटलेला शब्द मागे कसा फिरणार? "ठीक. आणि झाकणाच्या स्क्रूवरचा लाल रंग? पेटी आधी कुणीतरी उघडून दुरुस्त केली होती. एक तर दुकानदाराने तुम्हाला फसवलं, नाहीतर तुम्ही मला."

पडद्याचं टोक बायकोच्या हातातच राहिलं. पलीकडे नळ चालू होता, तो कुणीतरी बंद केला.

"बाबा, राहू द्या ना तो विषय," मुलीचा नवरा हळूच म्हणाला.

"का राहू द्यायचा? कर नाही त्याला डर कशाला?"

आता फोनच्या पडद्यावर मुलीचा चेहरा आला. हसू कुठच्या कुठे गेलं होतं. "मी सांगते का ते. हा फोटो कंपनीने पाठवलाय. बघा नीट."

फोटो जवळून काढलेला होता. काळं झाकण, एक स्क्रू, आणि स्क्रूच्या डोक्यावर लाल ठिपका. गोल, टपोरा, आणि एका बाजूला बारीकशी शेपटी, ब्रश उचलताना हाताला झटका द्यायची सवय असली की येते तशी. खूणबाबांनी ती शेपटी आयुष्यभर काढली होती. स्वतःची सही ओळखायला माणूस चुकत नाही.

"कंपनी त्या स्क्रूवर स्वतःचा लाल रंग लावते," मुलगी म्हणाली. "झाकण कुणी उघडलं तर कळावं म्हणून. तेच त्यांचं सील. ते कुणीतरी खरवडून काढलं, आणि त्या जागी हे लावलं. कंपनीने याला लेखी कळवलं की ग्राहकाने पेटी उघडली आणि आमच्या सीलची नक्कल केली. बनावट सील, बाबा. याच्या नावावर. हा आपला कुरियरवाल्यांवर चिडत बसला होता. मी फोटो पाहिला आणि आधी हसले, मग रडू आलं. पहिलीच्या वर्गापासून ओळखते मी हा ठिपका."

 ज्याने जन्मभर सीलं तपासली त्याला सील ओळखता आलं नव्हतं. पेटी कुणी उघडली तर कळावं म्हणून कंपनीने खूण केली, आणि नेमक्या त्याच कारणासाठी त्यांनी ती खरवडून आपली केली. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला निघाले होते, आणि चोर त्यांच्याच चपलांत उभा होता.

"मला का नाही सांगितलं?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"हा नको म्हणाला. म्हणे, बाबांना वाईट वाटेल, पेटी काय पुन्हा दुरुस्त होईल."

"मग कंपनीला काय सांगितलं?"

उत्तर मागून, चौकटीबाहेरून आलं. "खरं होतं तेच सांगितलं, बाबा. आमच्या घरात वस्तू बाहेर द्यायची असली की खूण करतात. नक्कल नाही, आमच्याकडची पद्धत आहे."

आमच्या घरात. खूणबाबांनी ते शब्द ऐकले आणि त्यांना कुठे बघावं ते कळेना. त्या माणसाला त्यांनी घराच्या उंबऱ्याआत अजून धरलंच नव्हतं, आणि तो तिकडे परक्या लोकांपुढे या घराची बाजू घेऊन उभा राहिला होता.

मुलगी मात्र निवळली नव्हती. "बाबा, सरळ सांगा, तिकिटं रद्द करू का? दाराशी माल तपासून आत घ्यावा तसं याला घेणार असाल, तर मी आणत नाही. आणि मग मीही येत नाही."

 बायको नुसती नवऱ्याकडे बघत होती. एवढ्या संसारात तिने असं बघितलं नव्हतं.

माफी मागायची कशी, हे खूणबाबांना येत नव्हतं. कोठारात कुणी माफी मागत नसे. कमी पडलं तर कमी, जास्त भरलं तर जास्त, असं सांगून मोकळं होत. त्यांनी तेच केलं.

"फोन जावयांना दे," ते म्हणाले.

तो शब्द ऐकून बायकोने पडदा सोडला. पलीकडे तो समोर आला.

"आत ट्रान्सफॉर्मरवर एक आहे," खूणबाबा म्हणाले. "कंडेन्सरांवर आहेत. खालच्या पट्टीच्या मागे एक आहे, तो बघून दिसायचा नाही, बोट घालावं लागेल. सगळे माझे आहेत. तुमच्यावर मी आळ घेतला, तो खोटा होता. आणि..." इथे त्यांनी खाकरून घेतलं. "आणि तिकिटं रद्द करू नका. तिच्या आईने पडदे बदललेत."

 जावई म्हणाला, "पट्टीच्या मागचा कंपनीलाही नव्हता हं सापडला." आणि तो हसला. मागून मुलीचं नाक ओढल्याचा आवाज आला, आणि बायकोने इकडे डोळ्याला पदर लावला.

ते आले त्या दिवशी बायकोने घरातून निघतानाच बजावलं होतं, बघायचं नाही, तपासायचं नाही, नुसतं हसायचं. विमानतळावर बाहेर येणाऱ्यांच्या दारापाशी गर्दीत मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. जावई वाकून नमस्कार करायला गेला, खूणबाबांनी त्याला अर्ध्यातच खांद्याला धरून थांबवलं, आणि मग हातांचं काय करायचं ते न कळून ते सामानाच्या गाडीपाशी जाऊन उभे राहिले. वर ॲम्प्लिफायरचं खोकं होतं, अजून डाव्या बाजूने मुकंच. ते आता काउंटरवाल्याकडे पैसे मोजूनच नीट होणार होतं. खाली दोन बॅगा होत्या.

मुलीच्या बॅगेच्या मुठीवर लाल ठिपका होता. तो असणारच होता. पण शेजारी जावयाची जुनी तपकिरी बॅग होती, आणि तिच्याही मुठीवर ठिपका होता.

खूणबाबांच्या मनात लगेच पाल चुकचुकली. ही आपल्याला खूश करायची युक्ती. कालच लावला असणार, निघताना. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते उगाच नाही. इकडे तिकडे बघून, कुणाचं लक्ष नाही असं पाहून त्यांनी अंगठ्याचं नख त्या ठिपक्याच्या कडेला लावलं आणि खरवडलं.

रंग निघाला नाही. कडा झिजल्या होत्या, भेगांत मळ बसला होता, आणि मधला रंग उन्हाने विटून गेला होता. जावयाची ती बॅग लग्नाआधीची असावी. ठिपका एवढा जुना, म्हणजे नक्कीच लग्नाच्या सुमाराचा होता. त्यांच्या पोरीने त्यांना न विचारता, न सांगता, तेव्हाच तो लावून टाकला होता.

"बाबा, राहू द्या, जड आहे ती," जावई धावत आला. "माझी मी घेतो."

खूणबाबांनी बॅग उचलली होती. "असू दे रे," ते म्हणाले. "आपलीच आहे."